परस्परांचे जामीनदार

२८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकी काँग्रेसपुढे केलेल्या भाषणात अध्यक्ष जॉर्ज बुश म्हणाले की, सद्दाम हुसेनने आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणावर युरेनियम मिळवण्याची खटपट केल्याचे ब्रिटिश सरकारला समजले आहे. वाक्य नीट पाहा. ‘आम्हाला समजले’ असे बुश म्हणत नाहीत. माल अमेरिकेचा, जामीन ब्रिटनचा!

आठच दिवसांनी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत ब्रिटनच्या एका ताज्या अहवालाची तोंडभर स्तुती केली. दुसऱ्याच दिवशी ब्रिटनच्याच ‘चॅनेल फोर’ने दाखवून दिले की, त्यातला बराच मजकूर इब्राहिम अल-मराशी या तरुण संशोधकाच्या लेखातून उचललेला आहे, तोही मूळच्या चुकांसकट. परीक्षेत कॉपी करणारी मुले अशीच सापडतात.

बँकेत हयात गेल्यामुळे मला हा व्यवहार फार ओळखीचा वाटतो. एक दुकानदार दुसऱ्याला जामीन, दुसरा पहिल्याला. कागदपत्रे चोख, फाइल जाडजूड. तारण मात्र कुणाकडेच नाही.

नायजरच्या कागदांची कथा तर याहून अजब. युरेनियमच्या सौद्याची ती कागदपत्रे अस्सल नाहीत, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बारादेई यांनी ७ मार्चला सुरक्षा परिषदेत सांगितले. २००० सालच्या पत्राखाली सही कुणाची, तर १९८९ मध्येच पद सोडलेल्या मंत्र्याची! आमच्याकडे नवा कारकूनसुद्धा नमुना सहीशी ताडून पाहिल्याशिवाय चेक पुढे सरकवत नसे. आपली माहिती या कागदांवर बेतलेली नव्हती, असे ब्रिटिश सरकार म्हणत राहिले आणि २००४ मध्ये बटलर समितीने ते मान्यही केले, हे सांगायला हवे. पण बारादेईंच्या निवेदनानंतर तेराव्या दिवशी युद्ध सुरू झाले. इराकमध्ये महासंहारक अस्त्रांचे साठे सापडलेच नाहीत.

मग वृत्तपत्रे उठली. हीच सगळी आधीपासून जागी होती असे मात्र नव्हे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २६ मे २००४ रोजी आपल्याच काही बातम्या पुरेशा पारखून घेतल्या नव्हत्या, अशी कबुली छापली. बीबीसीचे अँड्र्यू गिलिगन यांनी, ४५ मिनिटांत अस्त्रे सज्ज होऊ शकतात हा सरकारी दावा बहुधा चुकीचा असल्याचे सरकारलाच ठाऊक होते, असे रेडिओवर सांगितले. बातमीमागचे शस्त्रतज्ज्ञ डेव्हिड केली यांचा जुलैमध्ये मृत्यू झाला. हटन चौकशीने दोष बीबीसीला दिला. दुसऱ्या दिवशी ‘इंडिपेंडंट’ने पहिले पान जवळजवळ कोरेच ठेवले. त्या कोऱ्या पानाइतके बोलके अग्रलेख मी फार थोडे वाचले आहेत. बीबीसीचे अध्यक्ष, महासंचालक आणि गिलिगन, तिघेही गेले. ४५ मिनिटांचा दावा असलेल्या अहवालाची जबाबदारी ज्यांच्या समितीकडे होती, ते जॉन स्कार्लेट त्याच वर्षी ब्रिटिश हेरखात्याचे प्रमुख झाले. बढतीची ही तऱ्हाही बँकेत पाहिलेली आहे.

चिलकॉट अहवाल यायला २०१६ चा जुलै उजाडला. बारा खंड, सुमारे २६ लाख शब्द. त्यासोबत टोनी ब्लेअर यांनी बुशना पाठवलेले एक टिपण उघड झाले. काहीही झाले तरी मी तुमच्याबरोबर असेन, असे त्याच्या सुरुवातीलाच म्हटले होते. त्यावर तारीख आहे २८ जुलै २००२. ४५ मिनिटांचा अहवाल त्यानंतर दोन महिन्यांनी, २४ सप्टेंबरला, निघाला.