चिपची फाइल, बोर्डची फाइल

‘ब्लू पिल’ हा निळा, स्वस्त बोर्ड इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांच्या टेबलावर हमखास सापडतो. त्यावरची चिप एसटीएम३२एफ१०३ असायला हवी. पण डीबगर जोडला, की काही बोर्डांच्या बाबतीत संदेश येतो : ओळखक्रमांक १बीए०१४७७ हवा होता, मिळाला २बीए०१४७७. म्हणजे चिप मूळ कंपनीची नाही, तिच्यासारखी दुसरी आहे. अशा वेळी टूलसोबत आलेली फाइल उघडून १ चा २ करायचा मोह होतो. काम भागतं, पण टूलची नवी आवृत्ती घेतली की दुरुस्ती पुसली जाते. शिवाय शेजारच्या टेबलावरची अस्सल चिप आता त्या फाइलला परकी होते.

हा संदेश देणारं टूल म्हणजे ओपनओसीडी. जर्मनीत आउग्सबुर्गला शिकत असताना डॉमिनिक राथ यांनी २००५च्या सुमारास आपल्या प्रबंधासाठी ते लिहिलं. एका बाजूला चिपच्या जेटॅग किंवा एसडब्ल्यूडी या डीबगिंगच्या पिना, दुसऱ्या बाजूला जीडीबी हा डीबगिंगचा प्रोग्राम, आणि मधे दुभाषा म्हणून ओपनओसीडी. समोर कोणती चिप आहे, हे मात्र त्याला स्क्रिप्टमधून सांगावं लागतं. त्यासाठी जॉन ऑस्टरहाउट यांच्या टीसीएल भाषेची जिम-टीसीएल ही छोटी आवृत्ती टूलमध्येच बसवलेली आहे. त्यामुळे या फाइली म्हणजे नुसत्या सेटिंगच्या याद्या नसतात. त्यांत ‘जर-तर’ लिहिता येतं.

फाइलींचे मुख्य कप्पे तीन : इंटरफेस म्हणजे ॲडाप्टर, टार्गेट म्हणजे चिप, आणि बोर्ड. एसटीएम३२एफ४ डिस्कव्हरीची बोर्ड-फाइल जेमतेम काही ओळींची आहे. एसटी-लिंक या ॲडाप्टरची फाइल बोलवा, कामापुरती रॅम ६४ केबी धरा, चिपची फाइल बोलवा, रिसेटची तार कशी जोडली आहे ते सांगा. संपलं. फ्लॅश मेमरी कुठे सुरू होते, हे ती सांगत नाही, कारण ती माहिती चिपची आहे.

ते ६४ केबी चिपच्या फाइलपर्यंत पोचतात कसे? चिपची फाइल आधी विचारते : हा आकडा कुणी ठरवून ठेवलाय का? असेल तर तो घेते, नसेल तर स्वतःचा वापरते. चिपचं नाव आणि ओळखक्रमांक यांनाही हाच नियम. म्हणून ब्लू पिलसाठी मूळ फाइलला हात लावायची गरजच नाही. ती बोलावण्याआधी ‘सीपीयूटॅपआयडी’ या नावाला नवा क्रमांक दिला की पुरे. हा ‘आधी’ महत्त्वाचा. नंतर दिलेल्या क्रमांकाचा उपयोग नाही, तोवर फाइलचा निर्णय झालेला असतो.

वेगाचा हिशेबही चिपच्याच फाइलीत शोभतो. जेटॅगचा वेग प्रोसेसरच्या वेगाच्या एक-षष्ठांशाहून जास्त नसावा, असा संकेत आहे. एफ१ मालिका रिसेटनंतर ८ मेगाहर्ट्झवर उठते, म्हणून तिच्या फाइलीत १००० किलोहर्ट्झ. एफ४ १६वर उठते, म्हणून २०००. पुढे रिसेट-इनिट या घटनेत एफ४चं घड्याळ ६४ मेगाहर्ट्झवर नेलं जातं आणि मगच ॲडाप्टरला ८०००ची परवानगी मिळते. पुन्हा रिसेट झाला की रिसेट-स्टार्टमध्ये वेग परत २०००वर. ही परतीची ओळ लिहायला विसरलं, तर पहिली जोडणी नीट होते आणि रिसेटनंतर संपर्क तुटू शकतो. अशी चूक शोधणं फार जिकिरीचं.

कोणती माहिती कुठल्या फाइलीत, या शिस्तीचा खरा कस एकाच बोर्डवर दोन सारख्या चिप असल्या की लागतो. ओपनओसीडीच्या मार्गदर्शिकेत असं उदाहरण आहे. दोन पीएक्सए२७०, एक नेटवर्कसाठी, एक व्हिडिओसाठी. बाइटांचा क्रमही दोघींचा एकमेकींच्या उलट. बोर्ड-फाइल आधी ‘नेटवर्क’ हे नाव आणि बिग एंडियन क्रम ठरवून चिपची फाइल बोलावते, मग ‘व्हिडिओ’ आणि लिटल एंडियन ठरवून तीच फाइल पुन्हा बोलावते. नावं वेगळी असल्यामुळे दोन्ही प्रोसेसर एकाच सत्रात स्वतंत्रपणे थांबवता येतात.