मालकीचे ग्रंथ आणि मुदतीचे ज्ञान

सेवाग्राम आणि पवनार या दोन आश्रमांमुळे वर्धा जिल्ह्याचे नाव सर्वतोमुखी झाले असले, तरी विद्यापीठीय ग्रंथालयांच्या स्थित्यंतराचा विचार करू पाहणाऱ्यालाही या लहानशा टापूत पुष्कळ शिकण्यासारखे आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामात उभे राहिलेले वैद्यकीय महाविद्यालय आणि सावंगी येथील अभिमत विद्यापीठ यांचे संशोधन इंग्रजी नियतकालिकांवाचून पाऊलभरही पुढे सरकावयाचे नाही. उलट येथून जवळच असलेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाला जे वाङ्मय हवे, त्यातले फारच थोडे बड्या परदेशी प्रकाशकांच्या यादीत आढळते. या दोन गरजा एकाच मापाने मोजल्या जाऊ नयेत, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

नागपूर येथे जानेवारी १९७५ मध्ये भरलेल्या पहिल्या विश्व हिंदी संमेलनात या विश्वविद्यालयाची कल्पना पुढे आली, आणि संसदेच्या कायद्याची सनद मिळून ते प्रत्यक्षात येण्यास १९९७ साल उजाडावे लागले. त्याच्या केंद्रीय ग्रंथालयास महापंडित राहुल सांकृत्यायन यांचे नाव दिले आहे, आणि ते अन्वर्थक आहे. १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटात जाऊन, तेथील मठांतून दुर्मिळ ग्रंथ आणि पटचित्रे मिळवून, ते खेचरांच्या पाठीवर लादून हिंदुस्थानात आणणाऱ्या आणि त्यांतील मोठा ठेवा पाटण्याच्या संग्रहालयाच्या स्वाधीन करणाऱ्या या पुरुषाने, ज्ञान केवळ विकत घेण्याची वस्तू नसून शोधून आणण्याची आणि जतन करण्याची वस्तू आहे, हा धडा कृतीने घालून दिला.

विकत घेण्याचा मार्ग अलीकडे पार पालटला आहे. पूर्वी वर्गणी भरली की अंक येत, वर्षअखेर त्यांचे खंड बांधले जात, दाखलनोंद वहीत त्यांना क्रमांक मिळे आणि पुढे अंदाजपत्रकाला कितीही कात्री लागली, तरी ते खंड ग्रंथालयाच्याच मालकीचे राहत. आता बहुतांशी मिळतो तो ठराविक मुदतीचा प्रवेश. मुदत सरली आणि करारात जुन्या अंकांची तरतूद नसली, की काल वाचलेला लेखही आज उघडत नाही. मालकाचे कूळ व्हावे, तशी ही अवस्था आहे. खंड वाढवण्याचा अधिकार मात्र दूरदेशीच्या जमीनदाराच्या हाती!

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेने या व्यवहारात देशाला एकत्रित खरेदीदार म्हणून उभे केले. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, असा तिचा विस्तार आहे. जे नियतकालिक एखाद्या आडगावच्या सरकारी महाविद्यालयाला स्वप्नातही परवडले नसते, ते तेथील विद्यार्थ्याला विनासायास वाचावयास मिळावे, हे थोडे नव्हे. तथापि योजनेचा पहिला लाभ सरकारी संस्थांपुरताच ठेवला असल्याने खाजगी संस्थांना आपली वर्गणी आपणच भरणे भाग आहे, आणि मुदतीनंतरचा प्रश्न सर्वांपुढे कायम आहे.

हिंदीच्या, आणि तितक्याच प्रमाणात मराठीच्या, संशोधकाची अडचण निराळी आहे. त्याला हवी असतात ती अल्पायुषी अनियतकालिके, साहित्यिकांची पत्रे, हस्तलिखिते आणि हलक्या कागदावर छापलेली जुनी पुस्तके. पंचेचाळीस अंशांपलीकडे तापणाऱ्या वऱ्हाडी-वैदर्भीय उन्हाळ्यात हा कागद पिवळा पडून कडांना तुटू लागतो. विश्वविद्यालयाने ‘हिंदीसमय’ या संकेतस्थळावर हिंदी साहित्य सर्वांना मोफत उपलब्ध केले आणि स्वामी सहजानंद सरस्वती यांच्या नावाच्या संग्रहालयात लेखकांची हस्तलिखिते व पत्रे जमवली, हे राहुलजींच्या वाटेनेच चालणे होय.

पण जमवलेले सापडलेही पाहिजे. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचविण्याला स्वतंत्र स्थान आहे. येथे तर तो वेळ लेखनपद्धतीतच खर्ची पडतो. ‘हिंदी’ हा शब्द अनुस्वाराने लिहिला काय किंवा ‘हिन्दी’ असा अर्ध्या ‘न’ने लिहिला काय, वाचकाला दोन्ही एकच, परंतु तशी खास तजवीज केलेली नसल्यास संगणकीय तालिकेला ते दोन भिन्न शब्द वाटतात, आणि एक रूप शोधणाऱ्याला दुसऱ्या रूपाखाली नोंदलेली पुस्तके दिसतच नाहीत. ‘कृतिदेव’सारख्या जुन्या टंकात टंकलिखित झालेल्या प्रबंधांची गत याहून बिकट आहे : पडद्यावर देवनागरी दिसते, पण यंत्राच्या पोटात साठलेली असतात रोमन अक्षरांची चिन्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधांच्या संगणकीय प्रती ‘शोधगंगा’ या प्रबंधसंग्रहात जमा करणे आवश्यक केले खरे; परंतु जमा होणे आणि सापडणे यांत मोठे अंतर आहे. वर्गीकरणातही भाषाभाषांतला दुजाभाव भिनलेला आहे. ड्यूई पद्धतीत इंग्रजी वाङ्मयाला ८२० पासूनची आख्खी दहाई मिळाली, तर हिंदीला ८९१.४३ आणि मराठीला ८९१.४६ अशा दशांशाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसावे लागले.

वाचनकक्षाचे रूपही बदलले आहे. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी आपलीच पुस्तके घेऊन सकाळपासून जागा अडवतो. त्याला हवा असतो प्रकाश, पंखा आणि शांतता. त्याची ही गरज खोटी नाही, पण ती भागली म्हणजे ग्रंथालयाचे काम झाले, असे मानणाऱ्या प्रशासनाला निवृत्त ग्रंथपालाची जागा भरण्याची निकड भासत नाही.

खरे पाहता निकड आज अधिक आहे. इंग्रजी नियतकालिकांचा सौदा दिल्लीत होऊ शकतो; पण एखाद्या गावच्या छापखान्यातून निघून बंद पडलेल्या नियतकालिकाचा संच मिळवणे, त्याच्या प्रतिमा घेणे, दोन्ही लेखनरूपांखाली त्याची नोंद करणे, हे काम जाणत्या ग्रंथपालावाचून कोणीही करणार नाही. म्हणून विद्यापीठांच्या वार्षिक अहवालात किती नियतकालिकांना प्रवेश मिळाला या आकड्याशेजारी, अन्यत्र कोठेही नसलेले किती साहित्य आपण मिळवले व खुले केले, हा दुसरा रकाना असावा, आणि अनुदानाची वाटणी ठरवताना त्यालाही पहिल्याइतकेच वजन द्यावे.