पद्मिनीचे पॉइंट आणि आजोबांचे डोळे

अंकासाठी लेख दे म्हटल्यावर मंडळातल्या सगळ्यांना वाटलं, मी एखाद्या कादंबरीवर लिहीन. पण गेलं वर्षभर पुस्तकांइतकंच मी एका डिस्ट्रिब्यूटरमध्ये डोकं घालून बसले आहे. म्हणून म्हटलं, जे हाताने केलंय तेच सांगावं.

आमच्याकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसी, चार सिलिंडर. मूळची ही फियाट ११००, म्हणून बेळगावात अजूनही तिला सगळे फियाटच म्हणतात. गाडी आजोबांची. तिचे पॉइंट त्यांनी कधी मेकॅनिकला करू दिले नाहीत.

मागच्या वर्षी ३ डिसेंबरला सेंट झेवियरच्या फेस्ताला आम्ही जुन्या गोव्याला गेलो होतो. परत येताना चोर्ला घाटात गाडी चढेचना. दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकायची, काटा लालकडे जायचा. तीनदा थांबलो. घरी आल्यावर एका मेकॅनिकने इंजिन खोलायला सांगितलं आणि खर्चाचा आकडा ऐकून काका म्हणाले, "आता विकून टाकूया." आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांचं गप्प बसणं मला खटकलं.

दोन दिवसांनी त्यांनी मला शेडमध्ये हाक मारली. हातात फिलर गेज दिला आणि म्हणाले, "बघ की गं, फट किती आहे. मला दिसेना झालंय." तेव्हा कळलं, मोतीबिंदूमुळे गेली दोन वर्षं ते अंदाजानेच पॉइंट लावत होते. कुणाला सांगितलं नव्हतं.

आता हे पॉइंट म्हणजे काय ते सांगते. पेट्रोल इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं गेलं की ते पेटवायला ठिणगी लागते. बॅटरी असते १२ व्होल्टची, पण प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला हजारो व्होल्ट लागतात. ते काम कॉइल करते. तिच्यात जाड तारेचे काहीशे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. सीबी पॉइंट मिटलेले असतात तेव्हा जाड तारेतून करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, ते क्षेत्र एकदम कोसळतं आणि बारीक तारेत मोठा व्होल्टेज उठतो. म्हणजे ठिणगी पॉइंट जुळताना पडत नाही, सुटताना पडते. मला हे उलटंच वाटायचं.

हा व्होल्टेज डिस्ट्रिब्यूटर कॅपच्या मधोमध येतो, तिथून फिरत्या रोटरवर आणि रोटर तो आळीपाळीने चार वायरींना वाटतो. आमच्या गाडीचा क्रम १-३-४-२. कॅप काढताना वायरींवर नंबर लिहून ठेवा, नाहीतर माझ्यासारखी अर्धी सकाळ जाईल. पॉइंटशेजारी छोटा डबीसारखा कंडेन्सर असतो. तो नसेल तर पॉइंट उघडताना तिथेच जाळ होऊन ते करपतील आणि प्लगपर्यंत नीट ठिणगी पोहोचणार नाही.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरतं तेव्हा हे पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात. त्यांना उघडतो मधल्या दांड्याचा चार कोपऱ्यांचा कॅम. त्यावर पॉइंटची फायबरची टाच घासत राहते. टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे ठिणगीही उशिरा पडते. मग गाडी ओढत नाही, गरम होते, पेट्रोल जास्त पिते. घाटात आमचं हेच झालं होतं. पण हे एका दिवसात होत नाही. रोज थोडं थोडं होतं आणि चालवणाऱ्याला त्याची सवय होत जाते. म्हणून गाडी अडेपर्यंत थांबायचं नाही, ठरावीक अंतराने कॅप उघडायचीच. आम्ही दर पाच हजार किलोमीटरला उघडतो.

काम असं करायचं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चावी काढलेली. कॅप आतून कोरड्या कापडाने पुसा. बारीक काळी रेघ किंवा तडा दिसला तर कॅप बदला, कारण करंट त्याच वाटेने पळतो. आमच्या पावसाळ्यात तर कॅपमधला दमटपणासुद्धा गाडी बंद पाडायला पुरतो. मग पॉइंट बघा. एका तोंडाला खड्डा आणि दुसऱ्याला उंचवटा दिसला तर कंडेन्सरवरही संशय घ्या. किरकोळ काजळी असेल तर पॉइंट फाइलने हलकेच घासा. पॉलिश पेपर नको, त्याचे कण तोंडात रुततात. शेवटी पेट्रोलने पुसून कोऱ्या जाड कागदाची पट्टी मधून ओढायची. आजोबा त्यासाठी जुन्या लग्नपत्रिका कापून ठेवतात.

आता फट. क्रँक पुलीच्या नटला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवा, टाच कॅमच्या बरोबर कोपऱ्यावर येऊ दे. तिथे फट सगळ्यात मोठी असते. आम्ही ०.४५ मिमी ठेवतो, म्हणजे वहीची चार-पाच पानं. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात बघा. स्क्रू सैल करून पॉइंटची पट्टी सरकवायची. गेजचं पातं किंचित अडत सरकलं पाहिजे, रुतायला नको. स्क्रू आवळल्यावर परत मोजा, कारण आवळताना फट हमखास हलते. मी पहिल्यांदा सात वेळा मोजलं होतं. कॅमला टाचेपाशी ग्रीसचा अगदी पातळ हात, रोटरखालच्या फेल्टवर तेलाचा थेंब, आणि पॉइंटच्या तोंडाला यातलं काहीही नाही.

फट बदलली की टायमिंगही बदलतं. म्हणून आधी फट, मग टायमिंग. १२ व्होल्टच्या बल्बची एक वायर डिस्ट्रिब्यूटरच्या कॉइलकडच्या टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला लावा. पुलीची टायमिंगची खूण जुळवा, चावी चालू करा, डिस्ट्रिब्यूटरचा क्लॅम्प सैल करून तो हळू फिरवा. बल्ब लागला त्याच क्षणी पॉइंट उघडले. तिथेच क्लॅम्प आवळा. काम संपलं की चावी बंद करा, नाहीतर कॉइल तापते.

त्या दिवशी फट मोजली तर ०.२५ सुद्धा भरली नाही. नवे पॉइंट-कंडेन्सर घातले, टायमिंग लावलं. आजोबांनी डोळे मिटून इंजिन ऐकलं आणि म्हणाले, "हां, ही आता माझी गाडी." इंजिन खोलावं लागलं नाही. विकायचा विषय काकांनी परत काढला नाही. आजोबांना मात्र आम्ही डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, आता ते पेपर चष्म्याशिवाय वाचतात.

फेस्ताला यंदाही गेलो. येताना चोर्ला घाट एका दमात चढलो. पॉइंट अजून मीच लावते, पण आता माझ्यामागे ते गेजचं पातं परत घालून बघतात आणि चूक काढतात.

तुमच्या घरी जुनी फियाट, अँबॅसिडर किंवा जीप शेडमध्ये असेल, तर सुट्टीत एकदा कॅप उघडा. आणि ती चालवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवून घ्या. गाडीबरोबर त्यांचीही विचारपूस होते.