बटेरची अंडी : उन्हाळ्यात माल टिकवावा कसा?

चंद्रपूर-गडचिरोली भागात बटेरच्या अंड्यांचा धंदा करू पाहणाऱ्या बंधूंनी एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. हा माल कोंबडीच्या अंड्याच्या हिशेबाने चालत नाही. (येथे बटेर म्हणजे १९७४ साली इझतनगरला आणलेली पाळीव जपानी जात. रानातल्या लाव्याची अंडी उचलणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.)

बटेरचे अंडे जेमतेम १० ग्रॅमचे, म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या पाचव्या हिश्श्याएवढे. वजनाच्या मानाने कवचाचा पृष्ठभाग जास्त, म्हणून आतले पाणी लवकर उडते. कवचाच्या बारीक छिद्रांतून आतला वायूही निघून जातो आणि घट्ट पांढरे पातळ होते. उष्णता जितकी जास्त तितके हे लवकर घडते. त्यात फलित अंडे असेल तर नुकसान पक्केच. पिल्लू बनायला साडेसदतीस अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो! टिनाच्या दुकानात ठेवलेली टोपली म्हणजे उबवणी यंत्रच. म्हणून खाण्याच्या अंड्यांसाठी नराविना पाळलेल्या माद्यांचाच माल मागावा.

फ्रिज असल्यास उत्तम. त्यात माल महिनाभर सहज राहतो. नसल्यास टोपलीभोवती ओले गोणपाट गुंडाळावे, मात्र अंडी भिजू देऊ नयेत. ही युक्ती कुलरसारखीच, कोरड्या उन्हाळ्यातच चालते. पावसाळ्यात उलट बुरशी धरते. अंडी धुवू नयेत, कवचावरचा नैसर्गिक थर निघून जातो.

बारदानाबद्दल आम्हा कापडवाल्यांना थोडे कळते. गाठ सैल बांधली की माल रस्त्यात घासतो, तसेच येथेही. प्रत्येक अंड्याला स्वतंत्र खळगा हवा, रुंद टोक वर. प्लास्टिकची पारदर्शक डबी दिसायला छान, पण भोके नसतील तर फ्रिजबाहेर काढताच आत घाम धरते. ओला पुठ्ठाही वाईट. मोहफुले, सुकट, रॉकेल यांच्याजवळ पेटी ठेवू नये. अंडे वास ओढून घेते.

ठिपक्यांमुळे तडा दिसत नाही, आणि आतला पापुद्रा चिवट असल्याने अंडे गळतही नाही. दोन अंडी हलकेच एकमेकांवर टेकवून पाहावी. तडा असलेले बद्द वाजते. ताजेपणासाठी पेटीतले एखादे बशीत फोडावे. बलक उंच राहिला तर माल चांगला, पसरला तर जुना.

भामरागडला पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो. तिकडच्या दुकानदारांनी पावसाळ्यात आठवड्यात खपेल एवढाच माल उचलावा.