रंगांच्या गावा : धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा

आज निळीचा रांजण उघडायचा होता. पण एका वाचक भगिनीच्या पत्राने वाट अडवली आहे, तेव्हा नीळ पुढच्या खेपेला.

त्यांनी सुती कुर्त्यासाठी रिअ‍ॅक्टिव्ह रंगाची लाल पूड आणली. मीठ घातलं, सोडा घातला, घमेल्यातलं पाणी लालभडक झालं. धुतल्यावर कुर्ता मात्र फिका गुलाबी! ‘पूडच खोटी असेल का?’ असं त्या विचारतात. पण वरच्याच ओळीत लिहितात, ‘सोडा घरातलाच, भज्यांत घालतो तो.’

पूड बिचारी निर्दोष आहे. डायरेक्ट रंग सुताला नुसते चिकटून राहतात, म्हणून दर धुण्याला थोडे उतरतात. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचं सुताशी रासायनिक लग्नच लागतं. मात्र त्यासाठी पाणी चांगलं अल्कधर्मी लागतं, सामू साडेदहा-अकराच्या घरात. धुण्याचा सोडा तिथवर नेतो. खाण्याचा सोडा सव्वाआठच्या आसपास थांबतो. मिठाचं काम वेगळं : ते रंगाला पाण्यातून सुताकडे ढकलतं. सुतापाशी आलेला रंग तिथे पक्का करायचा, तर धुण्याचा सोडाच हवा.

ही युक्ती सापडली ती मँचेस्टरजवळ, आयसीआय कंपनीत. रॅटी आणि स्टीफन हे रसायनतज्ज्ञ. असे रंग आधी तयार झाले होते लोकरीसाठी. सुतावर अल्कलीत ते घट्ट बसतात, हे 1954 साली ध्यानात आलं. 1956 मध्ये प्रोसिऑन नावाने पिवळा, लाल आणि निळा असे तीन रंग बाजारात आले. त्याआधी सुतावर इतका झळाळता आणि तरीही धुण्याला टिकणारा लाल मिळवणं सोपं नव्हतं.

सोडा घालायची वेळही सांभाळा. आधी रंग आणि मीठ, कापड हलवत राहायचं, रंग सगळीकडे सारखा पोचू द्यायचा. मग पाण्यात विरघळवलेला सोडा, थोडा थोडा. कारण सोडा पडला की रंग सुताशी जोडला जातो तसा पाण्याशीही. पाण्याशी जोडला गेलेला रंग कायमचा वाया. म्हणून सोडा मिसळलेलं उरलंसुरलं पाणी उद्यासाठी ठेवू नका. दिसेल लाल, चढणार नाही. हाच वाया गेलेला रंग कापडातही अडकून बसतो. तो साबणाच्या उकळत्या पाण्यात काढून टाकला नाही, तर पहिल्या धुण्याला शेजारचे कपडे रंगवतो.

आता खाण्याच्या सोड्याची बाजू. छपाईवाले रंगाच्या खळीत मुद्दाम तोच घालतात. थंड खळीत तो गप्प राहतो, त्यामुळे रंग लवकर मरत नाही. छापलेलं कापड वाफेवर धरलं की उष्णतेने त्याचाच धुण्याचा सोडा होतो आणि रंग जागच्या जागी पक्का बसतो. तेव्हा ताई, तुमचा सोडाही चुकीचा नव्हता. त्याला फक्त वाफ मिळाली नाही.

कुर्त्याची शिवण पांढरीच का राहिली, हेही त्यांनी विचारलंय. दोरा पॉलिएस्टरचा असणार, आणि त्याला हे रंग चढतच नाहीत. पण त्यात शिरलो तर नीळ आणखी एक आठवडा लांबेल.