विश्लेषण : दम्याच्या गोळीने मोतीबिंदू होतो का? स्टेरॉइडचा हिशेब ठेवणे का गरजेचे?

मक्याच्या मळणीचा भुसा, कापूस वेचणीची धूळ आणि त्यातच पडू लागलेली थंडी. मोताळा तालुक्यात दमेकऱ्यांचा त्रास वाढवणाऱ्या या गोष्टी साधारण एकाच सुमारास येतात. रात्री धाप लागते, झोप होत नाही आणि सकाळी शेतात तर जायचेच असते. अशा वेळी ग्रामीण भागात सर्रास दिसणारा उपाय म्हणजे मागच्या वेळची रिकामी पट्टी घेऊन मेडिकल गाठणे आणि ‘हीच गोळी द्या’ म्हणणे. गोळीने एक-दोन दिवसांत बरे वाटते. त्यामुळे पुढच्या वेळीही तीच आणली जाते.

या गोळ्यांमध्ये अनेकदा स्टेरॉइड असते. ते वर्षानुवर्षे पोटात जात राहिले तर डोळ्यांत मोतीबिंदू होऊ शकतो, तोही ऐन चाळिशी-पन्नाशीत. दुसरीकडे, हे कळल्यावर घाबरून डॉक्टरांनी दिलेला पंपच बंद करणारेही आहेत. त्यात तर जिवाला धोका आहे. मग नेमके करायचे काय?

स्टेरॉइड म्हणजे काय? दम्यात ते का देतात?

आपल्या मूत्रपिंडांच्या वर अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करतात. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही औषधे याच संप्रेरकासारखे काम करतात. व्यायामशाळेत शरीर फुगवण्यासाठी घेतले जाणारे स्टेरॉइड वेगळे. त्याचा इथे संबंध नाही.

दम्यामध्ये श्वासनलिकांना आतून सूज येते. स्टेरॉइड ही सूज उतरवते. म्हणूनच दम्याच्या उपचारात ते मुख्य औषध मानले जाते. सीओपीडी, म्हणजे विडी-सिगारेट, चुलीचा धूर आणि धूळ यांमुळे श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा आजार. त्यातही काही रुग्णांना स्टेरॉइडचा उपयोग होतो.

असे रुग्ण थोडेथोडके नाहीत. २०१६ मध्ये भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी आणि दम्याचे सुमारे पावणेचार कोटी रुग्ण असल्याचा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला होता.

डोळ्यांशी संबंध कधी लक्षात आला?

१९४८ मध्ये अमेरिकेत संधिवाताच्या रुग्णांना पहिल्यांदा कॉर्टिसोन देण्यात आले. परिणाम इतका थक्क करणारा होता की १९५० मध्ये या संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर दहाच वर्षांत, १९६० मध्ये, दुसरी बाजू समोर आली. संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या डोळ्यांत एका विशिष्ट प्रकारचा मोतीबिंदू दिसतो, असे अमेरिकी डॉक्टरांनी नोंदवले. दीर्घकाळ गोळ्या घेणारे दम्याचे रुग्णही यातून सुटलेले नाहीत.

पंपाबाबतचा महत्त्वाचा अभ्यास ऑस्ट्रेलियातून १९९७ मध्ये आला. ब्लू माउंटन्स भागातील ४९ ते ९७ वयाच्या ३,६५४ जणांचे डोळे तपासण्यात आले. त्यांतील ३७० जणांनी कधी ना कधी स्टेरॉइडचा पंप वापरला होता. पंप न वापरणाऱ्यांच्या तुलनेत या गटात हा विशिष्ट मोतीबिंदू जवळपास दुपटीने आढळला. ज्यांच्या फुप्फुसांत आयुष्यभरात २,००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त बेक्लोमेथासोन गेले होते, त्यांच्यात तो पाच पटींहून अधिक होता.

आता हा आकडा उलगडून पाहू. दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम पंप घेतला तर २,००० मिलिग्रॅम व्हायला साडेतेरा वर्षांहून जास्त काळ लागतो. दिवसाला १,००० मायक्रोग्रॅम घेतला तर साधारण साडेपाच वर्षे. म्हणजे पंपाचाही परिणाम होतो, पण तो मोठ्या मात्रेचा आणि खूप वर्षांचा हिशेब आहे.

हा मोतीबिंदू वेगळा कसा ओळखायचा?

डोळ्यातील भिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. वयानुसार होणारा मोतीबिंदू बहुधा भिंगाच्या गाभ्यात किंवा कडेला सुरू होतो. स्टेरॉइडमुळे होणारा मोतीबिंदू मात्र भिंगाच्या मागच्या बाजूला, आवरणाच्या लगेच आत आणि बरोबर मध्यभागी तयार होतो. प्रकाश डोळ्यात शिरतो तो नेमका याच वाटेने. त्यामुळे डाग लहान असला तरी त्रास मोठा होतो.

कडक उन्हात डोळ्याची बाहुली आकसते आणि सगळा प्रकाश त्या डागातूनच जातो. म्हणून या रुग्णाला घरात, सावलीत बरे दिसते आणि दुपारच्या उन्हात कमी. त्याची ठळक लक्षणे अशी :

• उन्हात डोळे दिपणे, समोरचा चेहरा नीट न ओळखता येणे.
• रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती झळाळी दिसणे. राजूर घाटासारख्या वळणाच्या रस्त्यावर दुचाकी चालवणाऱ्याला हे धोक्याचे आहे.
• लांबचे बरे दिसत असताना जवळचे वाचायला, सुईत दोरा ओवायला, मोबाइल पाहायला अडचण येणे.
• चष्म्याचा नंबर बदलूनही समाधान न होणे.

डोळा दुखत नाही, लालही होत नाही. त्यामुळे ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष होते. हा प्रकार तरुणांत, इतकेच काय लहान मुलांतही होऊ शकतो. मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो. स्टेरॉइडमुळे रक्तातील साखरही चढते, हे वेगळेच.

गोळी आणि पंप यांत फरक किती?

गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या शरीरात जाते. पंपातील औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते, म्हणून अगदी कमी मात्रा पुरते. दम्याचा किंवा सीओपीडीचा जोर वाढला तर मोठ्या माणसाला साधारण ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन पाच दिवस देतात. पंपाच्या एका झटक्यात मात्र १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड असते. एक मिलिग्रॅम म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद सारखी नसल्याने वजनाची थेट तुलना करता येत नाही. तरीही शरीरभर पसरणाऱ्या औषधाच्या बाबतीत गोळी पंपापेक्षा कितीतरी पुढे आहे.

आपल्याकडे समज मात्र उलटा आहे. ‘पंपाची सवय लागते, गोळी बरी’ असे म्हणत पंप टाळला जातो. पंप नियमित घेतला नाही की दम्याचा जोर वाढतो आणि जोर वाढला की गोळी लागते. म्हणजे डोळ्यांच्या दृष्टीने कमी धोक्याचे औषध सोडून जास्त धोक्याचे जवळ केले जाते.

किती गोळ्या म्हणजे जास्त?

अमुक मात्रेपर्यंत कुणालाच काही होत नाही, अशी पक्की रेघ मारता येत नाही. काहींना कमी औषधातही मोतीबिंदू होतो, काहींना जास्त घेऊनही होत नाही. पण मात्रा आणि काळ वाढला की धोका वाढतो, हे निश्चित आहे.

दम्याच्या उपचारासाठी जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या ‘जीना’ मार्गदर्शक सूचनांनुसार, आयुष्यभरात स्टेरॉइड गोळ्यांचे चार-पाच कोर्स झाले तरी मधुमेह, मोतीबिंदू आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. ४० मिलिग्रॅमचा पाच दिवसांचा एक कोर्स म्हणजे २०० मिलिग्रॅम. पाच कोर्स झाले की एक ग्रॅम भरतो. दरवर्षी पावसाळा आणि हिवाळा मिळून दोन कोर्स झाले, तर तीन वर्षांत ही पातळी ओलांडली जाते.

शिवाय हे झाले नोंद असलेल्या गोळ्यांचे. सांधेदुखी, खाज, ताप यांसाठी मिळालेल्या पुडीतही स्टेरॉइड असू शकते. दमा आणि सांधेदुखीच्या ‘देशी’ पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार देशात वेळोवेळी उघड झाले आहेत. जी पुडी काही तासांत जादूसारखा आराम देते आणि जिच्यावर औषधाचे नाव नसते, तिच्याबाबत शंका घेतलेली बरी. प्रेडनिसोलोनसारखी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने परवानगी नाही.

मग औषध बंद करावे का?

मनाने अजिबात नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या तीन आठवड्यांहून जास्त काळ चालू असतील तर शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल तयार करणे कमी करते. गोळी अचानक थांबवली तर प्रचंड अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब कोसळणे असे होऊन प्राणावर बेतू शकते. अशा गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्या लागतात. पंप अचानक सोडला तर दम्याचा झटका येऊ शकतो. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया आहे, पण मोठ्या झटक्यात वेळेवर ऑक्सिजन मिळाला नाही तर तो जीव घेऊ शकतो.

डॉक्टरांना काही प्रश्न मात्र जरूर विचारावेत. मात्रा कमी करता येईल का? सीओपीडी असेल तर स्टेरॉइडचा पंप खरोखर लागतो का? कारण वारंवार जोर होणाऱ्या आणि रक्तात इओसिनोफिल पेशी जास्त असणाऱ्या सीओपीडी रुग्णांना त्याचा जास्त फायदा होतो, सगळ्यांना नाही. पंप घेण्याची पद्धत बरोबर आहे का, हेही डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवावे. पंपाला स्पेसर, म्हणजे प्लास्टिकची नळी, लावली तर घशात अडकणारे औषध कमी होते. पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे.

मोतीबिंदूपेक्षाही मोठा धोका कोणता?

काचबिंदू. स्टेरॉइडमुळे काहींच्या डोळ्यातील दाब वाढतो आणि डोळ्याची नस हळूहळू सुकते. यातही दुखत नाही. मोतीबिंदूमुळे गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. डोळे लाल झाले किंवा खाजले म्हणून मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर याबाबत सर्वांत घातक. दम्यासोबत ॲलर्जी असणाऱ्या मुलांमध्ये असे थेंब महिनोन्‌महिने वापरले जातात, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

तपासणी कुठे आणि कधी करायची?

दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांनी, वर्षातून दोन-तीन कोर्स होणाऱ्यांनी आणि मोठ्या मात्रेचा पंप वापरणाऱ्यांनी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत. चष्म्याच्या दुकानातील नंबर तपासणी पुरेशी नाही. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून स्लिट लॅम्प यंत्राने भिंग पाहावे लागते. सोबत डोळ्यातील दाबही मोजून घ्यावा. थेंबांमुळे काही तास धूसर दिसते, म्हणून गाडी चालवायला कुणाला तरी बरोबर न्यावे.

मोताळ्यातील रुग्णांना प्राथमिक तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालय आणि पुढील उपचारांसाठी बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय हा सरकारी मार्ग आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून सुरू असून त्याअंतर्गत सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. तरीही ५० वर्षांवरील व्यक्तींमधील सुमारे ६६ टक्के अंधत्व उपचार न झालेल्या मोतीबिंदूमुळे असल्याचे २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले.

शस्त्रक्रियेपूर्वी काय सांगायचे?

स्टेरॉइड थांबवल्याने तयार झालेला मोतीबिंदू सहसा विरघळत नाही. थेंबांनीही जात नाही. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवणे हाच उपाय. मात्र रुग्णाला १५-२० मिनिटे उताणे आणि शांत पडून राहावे लागते. धाप किंवा खोकला असणाऱ्यांना तेच जड जाते. म्हणून शिबिरात नाव नोंदवतानाच दमा असल्याचे सांगावे. थंडीत त्रास वाढत असेल तर आजार आटोक्यात असतानाची तारीख मागावी. शस्त्रक्रियेच्या दिवशीही पंप चुकवू नये, तो सोबत न्यावा.

आणि एक साधी सवय आजपासून लावता येईल. गोळ्यांची पट्टी संपली की फेकण्याआधी मोबाइलमध्ये तिचा फोटो काढा. औषधाचे नाव, मिलिग्रॅम आणि किती दिवस घेतली एवढे त्यासोबत लिहून ठेवा. पुढच्या वेळी छातीच्या डॉक्टरांना आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनाही हेच फोटो दाखवा. शरीरात आतापर्यंत किती स्टेरॉइड गेले, हे त्यांना त्यावरून कळेल.