खालची कड

सकाळी ९.१५
बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजारात मामांनी शटर वर ढकललं. दुकान आठ बाय दहा. जुन्या फोटोंच्या कॉप्या, फ्रेमा, लॅमिनेशन. आधी देवाला उदबत्ती, मग स्कॅनरच्या काचेला फडकं. काचेवर धुळीचा कण राहिला की फोटोतल्या आभाळात ठिपका उमटतो. तो कॉम्प्युटरवर काढायला पाच मिनिटं जातात. त्या पाच मिनिटांचे पैसे कोण देतंय?

९.४०
हाताखालचा पोरगा आला. रोज चारशे, चहा वेगळा. फ्रेमचा पुठ्ठा कापायचं काम त्याचं. ब्लेड बोथट झालं की कड फाटते, म्हणून खिशात नवं पाकीट.

१०.३०
टिळकवाडीहून एक बाई आल्या. पिशवीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्यात फोटो. सासरे रेल्वेत फायरमन होते. "मामा, कुठल्या सालचे ते सांगा की." स्कॅनचे फोटोमागे तीस रुपये. साल सांगायचे काहीच नाहीत. मला हे पटत नाही; सगळ्यात अवघड काम तेच आहे. मामा म्हणतात, "नुसतं बघायचे कसले पैसे?"

११.००
हातमोजे, मऊ ब्रश, भिंग. पहिल्या फोटोत फलाट, हारतुरे, दहा-बारा माणसं, मागं इंजीन. बाईंचं बोट सासऱ्यांच्या चेहऱ्यावर, मामांचं भिंग रुळाजवळ. "पुढं दोन बारकी, मग तीन मोठी, मागं एक बारकं." फोटोत एकाच बाजूची चाकं दिसतात, म्हणून दुप्पट धरायची: चार-सहा-दोन. वायपी असणार. वाय म्हणजे मीटरगेज, पी म्हणजे पॅसेंजर. ही इंजिनं १९४९ मध्ये अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून आली, पुढं जमशेदपूरला टेल्कोतही बनू लागली. पण वायबी नावाचं जुनं इंजीनही चार-सहा-दोनचंच. नुसत्या चाकांवर मामा साल सांगत नाहीत. फोटो बाजूला ठेवला.

१२.१५
दुसऱ्यात पुढं एक बारकं, चार मोठी, मागं एक. वायजी, मालगाडीचं इंजीन. मागचे डबे मात्र माणसांचे. मामांना त्याचं काही वाटलं नाही.

तिसरा फोटो वेगळाच. इंजिनाचं नाक बंदुकीच्या गोळीसारखं पुढं आलेलं, मोठं चाक शेजारच्या माणसाच्या उंचीचं. पाठीमागं शाईनं 'बेळगाव'. मामांनी मान हलवली. "हे डब्ल्यूपी. ब्रॉडगेजचं. इकडं कसं येईल?" डब्ल्यूपी देशात आलं १९४७ मध्ये, त्याचं मोठं चाक पाच फूट सात इंच. आणि बेळगावचा मार्ग १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेजच होता. बाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "त्यांचे थोरले भाऊ सोलापूरला होते." सोलापूरला ब्रॉडगेज होतीच. 'बेळगाव' बहुतेक फोटो धुणाऱ्यानं लिहिलं असणार. पाठीमागच्या शाईवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये.

दुपारी १.३०
भाकरी, वांग्याची भाजी, ताक. पोरगा जेवायला घरी गेला. शटर अर्धं खाली.

२.४५
वीज गेली. स्कॅनर बंद. मामांनी स्टूल उंबऱ्याशी ओढलं. भिंगाच्या कामाला दारातला उजेडच बरा. ट्यूबची चकाकी कागदावर पडत नाही.

४.१०
तात्या आले. हुबळीच्या वर्कशॉपमधून निवृत्त फिटर, रोज यायचं म्हणून येतात. चहा दोन, वीस रुपये, मामांचे. सकाळचा फलाटाचा फोटो त्यांच्यापुढं सरकवला. "चाकं झाली ना मोजून? आता पाटी बघ की." केबिनच्या बाजूची नंबराची पाटी. नंबर पुसट, पण आद्याक्षरं भिंगाखाली उमटली: एस आर. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे १४ एप्रिल १९५१ ला सदर्न रेल्वेत गेली. २ ऑक्टोबर १९६६ ला साउथ सेंट्रल निघाली आणि हुबळी विभाग तिकडं गेला. म्हणजे फोटो मधल्या पंधरा वर्षांतला. मामांनी पाकिटावर पेन्सिलीनं तेवढंच लिहिलं. त्याहून नेमकं साल लिहून बाईंना खूश करता आलं असतं.

५.३०
वडगावचे एक गृहस्थ आले. हातात मोठी फ्रेम. "आजोबांनी गांधीजींना बेळगावला आणलं ती गाडी." बेळगावचं काँग्रेस अधिवेशन डिसेंबर १९२४ चं, गांधीजी अध्यक्ष. मामांनी फ्रेम उलटी केली, खिळे काढले, पुठ्ठा उचलला. पुठ्ठ्याखाली झाकलेली दोन बोटं पट्टी उघडी पडली. चाकं, खडी आणि पाटी. पाटीवर पुन्हा एस आर. तात्या काही बोलले नाहीत. मामा हळू म्हणाले, "गाडी स्वातंत्र्यानंतरची दिसतीय बघा." गृहस्थांना ते रुचलं नाही. फ्रेम होती तशी बसवून घेतली, चाळीस रुपये दिले, निघाले.

रात्री ८.१५
गल्ला मोजला. स्कॅन, दोन फ्रेमा, लॅमिनेशन मिळून साडेअकराशे. पोराचे चारशे, काच-पुठ्ठ्याचे दोनशे चाळीस, चहा वजा. भाडं आणि वीजबिल त्यातूनच निघायचं.

घरातला जुना फोटो फ्रेमला दिलात तर फ्रेमवाल्याला आधीच सांगा: खालची कड कापायची नाही, पुठ्ठ्याखाली झाकायचीही नाही. इंजिनाची चाकं तिथंच असतात.